भाषेची देवघेव

रविवारची संध्याकाळ उतरू लागली, की गोव्यातील कितीतरी घरांच्या सोप्यावर आजकाल एक ठरावीक दृश्य दिसते. आजी मोबाइल फोन डोळ्यांजवळ धरून बसलेली असते आणि तळहाताएवढ्या पडद्यावर लंडनचा, लिस्बनचा किंवा टोरांटोचा नातू दिसत असतो. आजी घरच्या बोलीत विचारते, जेवलास का, थंडी फार आहे का, यंदा चवथीला येणार का. नातवाला प्रश्न बहुधा कळतो. उत्तर मात्र इंग्रजीत येते. ते आजीला कळत नाही. ती हसते, मान डोलावते आणि दोन मिनिटांत फोन सुनेच्या हाती देते. हजारो मैलांचे अंतर यंत्राने पुसले. शेवटचे वीतभर अंतर मात्र तसेच राहिले.

हे दृश्य आम्ही केवळ हळहळण्यासाठी येथे सांगत नाही. ज्या यंत्राने आजी आणि नातू यांना समोरासमोर आणूनही बोलते केले नाही, त्याच यंत्रावर जगात अन्यत्र गेली दोन दशके परक्या माणसांनी एकमेकांना आपापल्या भाषा शिकविल्या आहेत. मग फरक कोठे पडला? आमच्या मते तो यंत्रात नाही, व्यवहारात आहे. भाषा एकाने द्यायची व दुसऱ्याने निमूटपणे घ्यायची, या रीतीने ती फारशी रुजत नाही. दोघांनी द्यावी व दोघांनी घ्यावी, तेव्हा ती रुजते. ही साधी गोष्ट गोमंतकीयांनी विशेष लक्षात घ्यावी असे आम्हांस वाटते, कारण एकतर्फी भाषाशिक्षणाचा अनुभव आमच्याइतका दीर्घकाळ फार थोड्यांनी घेतला असेल.

या देवघेवीच्या पद्धतीस युरोपात 'टँडम' म्हणतात. टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवावयाची सायकल. एकाने पाय मारायचे आणि दुसऱ्याने नुसते बसायचे, असे तेथे चालत नाही. या पद्धतीचा जन्म फ्रान्स आणि जर्मनी यांच्या समेटात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धे ज्या दोन राष्ट्रांनी सत्तर वर्षांत केली, त्यांचे नेते द गॉल आणि आडेनाउअर यांनी २२ जानेवारी १९६३ रोजी मैत्रीचा करार केला. त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय स्थापन झाले. त्याच्या आश्रयाने पुढे जे भाषावर्ग भरू लागले त्यांत फ्रेंच तरुण आणि जर्मन तरुण जोडीने बसत. एका तासाला हा गुरू आणि तो शिष्य. दुसऱ्या तासाला तो गुरू आणि हा शिष्य. ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडीत होते, ती मुले एकमेकांचे उच्चार सुधारू लागली.

१९९० नंतरच्या दशकात जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या पुढाकाराने हीच जोडी ई-मेलवरून जुळू लागली. २००६ साली ब्राझीलमधील साव पावलो राज्याच्या विद्यापीठाने तीत चेहरा आणि आवाज आणला. हे विद्यापीठ एका शहरात नसून अनेक गावांत विखुरलेले आहे. त्यांपैकी आसिस हे गाव साव पावलो महानगरापासून चारशेहून अधिक किलोमीटर आत वसले आहे. तेथील विद्यार्थी इंग्रजी, इटालियन, जर्मन शिकत, पण ती भाषा बोलणारे माणूस त्यांच्या दृष्टीस पडणे कठीण. प्राध्यापक जुवाव तेलेस व त्यांचे सहकारी यांनी या विद्यार्थ्यांची आणि परदेशांत पोर्तुगीज शिकणाऱ्यांची संगणकाच्या पडद्यावर गाठ घालून दिली, आणि या उपक्रमास 'टेलेटँडम' हे नाव दिले.

त्याचे नियम बोटांवर मोजण्याइतके थोडे आहेत. भेट तासाभराची. अर्धा तास एकाच्या भाषेत, अर्धा तास दुसऱ्याच्या. दोन भाषांची सरमिसळ करायची नाही. ज्याची भाषा चालू आहे, त्याचा अर्धा तास पुरा होऊ द्यायचा. शेवटी एकमेकांच्या चुका सांगायच्या, त्याही सौजन्याने. भेट संपल्यावर काय कळले, काय अडले, याची नोंद रोजनिशीत करायची आणि ती आपल्या शिक्षकाबरोबर बोलायची. ज्या मेसेंजर व स्काइपसारख्या सोयींवर असे संवाद त्या काळी होत, त्यांपैकी २००३ साली आलेले स्काइप २०२५ च्या मे महिन्यात कायमचे मिटले. पद्धत मात्र मिटली नाही. यंत्र हे होडीसारखे आहे. एक कुजली तर दुसरी मिळते. पैलतीरी कोणाला आणि कशासाठी भेटायचे, हे प्रवाशाला ठाऊक असले म्हणजे झाले.

या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वाटणीत एवढे काय आहे, असे कोणी विचारील. परकी भाषा बोलताना माणसाची जीभ अडखळते ती बहुतेक वेळा शब्दांच्या तुटवड्याने नव्हे, तर लाजेने. वर्गात शिक्षक सर्वज्ञ आणि विद्यार्थी चुकणारा. समोर चाळीस जण हसण्यास टपलेले. देवघेवीत ही विषमता अर्ध्या तासापुरतीच असते. आता जो माझ्या चुका काढीत आहे, तो थोड्याच वेळात माझ्या भाषेत धडपडणार आहे, हे ठाऊक असल्याने चुकण्याची लाज उरत नाही. ज्याला दुसऱ्याच्या दारात हात पसरून उभे राहावे लागत नाही, तो मोकळेपणाने मागतो आणि मोकळेपणाने घेतो.

दुसरा लाभ याहून मोठा आहे. दुसऱ्याला शिकविताना माणूस स्वतःची भाषा प्रथमच पाहतो. घरातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, हे एखाद्या ब्राझिलियन तरुणाने ऐकले तर तो गोंधळेल. निघालेला माणूस येतो कसा, असे विचारील. आमच्या मुलाने त्याचा विचार कधी केलेला नसतो. आता करावा लागेल. 'आम्ही' आणि 'आपण' यांसाठी पोर्तुगीजमध्ये 'नोस' हे एकच सर्वनाम पुढे येते; ज्याच्याशी बोलतो त्याला वगळून आम्ही, आणि त्याला धरून आपण, हा भेद मराठीत प्रत्येक वाक्यात पाळावा लागतो. तो दुसऱ्याला समजावून देताना आमच्या मुलाला आपल्या मातृभाषेतील सौजन्य कोठे दडले आहे ते दिसेल. बोलता बोलता काजूचा विषय निघालाच, तर दोघेही चकित होतील. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून येथे आणले, आणि 'काजू' हा शब्दही तेथील मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीज मार्गे आमच्या ओठांवर आला. उलट, आमच्या किनाऱ्यावरचा आंबा आणि फणस ब्राझीलला गेले; मलबारच्या बोलीतून उचललेली 'मांगा' आणि 'जाका' ही त्यांची नावे तेथील बाजारात आजही ऐकू येतात. राज्यकर्त्यांनी न ठरविताही झालेली ही देवघेव शाळेच्या कोणत्या धड्यात मुलांना शिकवली जाते?

बोलणे मात्र वाऱ्यावर विरते. पडद्यासमोर न कळलेल्या गोष्टीला मान डोलावून पुढे जाणे सोपे असते. आमच्या त्या आजीने तेच केले. म्हणून या देवघेवीला लेखनाची जोड हवी. संगणकावर सर्वांना वाचता येईल अशी अनुदिनी, जिला ब्लॉग म्हणतात, ती विद्यार्थी लिहितात. पलीकडचा सोबती ती वाचतो, शब्द सुधारतो, प्रश्न विचारतो. लेखनात मान डोलावता येत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या फ्रेंच शिक्षकांनी १९९७ साली 'कुल्तुरा' नावाचा उपक्रम आरंभिला. फ्रान्समधील आणि अमेरिकेतील विद्यार्थ्यांपुढे एकच शब्द ठेवून, तो ऐकताच मनात काय येते ते त्यांना आपापल्या भाषेत लिहावयास सांगितले. 'व्यक्तिवाद' या अर्थाच्या शब्दाला अमेरिकन मुलांनी स्वातंत्र्य, स्वावलंबन अशा कौतुकाच्या शब्दांची जोड दिली. फ्रेंच मुलांना त्यातून स्वार्थ आठवला. शब्दकोशात दोन्ही शब्द एकमेकांसमोर समानार्थी म्हणून छापलेले असतात. दोन समाजांच्या मनांत त्यांचे अर्थ किती दूर आहेत, हे दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच उमगले.

या साऱ्याची दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे. नुसती गाठ घालून दिली की मने जुळतात, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. क्लेअर क्रॅम्श आणि स्टीव्हन थॉर्न या दोन अभ्यासकांनी २००२ साली कॅलिफोर्नियातील विद्यार्थी आणि फ्रान्समधील शाळकरी मुले यांच्या पत्रव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकन मुलांना हवी होती ओळख, जिव्हाळा. फ्रेंच मुले धाडीत होती माहिती आणि युक्तिवाद. एकाला दुसरा कोरडा वाटला. जर्मन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अशाच प्रयोगांत जर्मनांचे सरळ बोलणे अमेरिकनांना उर्मट भासले. शब्द बरोबर होते, व्याकरण बरोबर होते. बिघडले ते बोलण्याच्या रीतीभातीमुळे. म्हणूनच संवाद संपल्यावर शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर बसून, 'तो असे का बोलला असेल?' हा प्रश्न उकलणे हे या पद्धतीचे खरे हृदय आहे. ज्यांना वाटते की यंत्र आले म्हणजे शिक्षकाला रजा देता येईल, त्यांनी हा अनुभव ध्यानी घ्यावा.

यंत्र तेच असूनही व्यवहार एकतर्फी कसा राहतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २००९ च्या सुमारास सुगत मित्र यांनी इंग्लंडमधील निवृत्त शिक्षक व गृहिणींना आवाहन केले आणि त्या सहृदय स्त्रिया पडद्यावरून भारतीय मुलांशी इंग्रजीत गप्पा मारू लागल्या. पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही त्यांच्या प्रयोगाची एक खोली उभी राहिली. त्या माउलींच्या ममतेबद्दल आम्हांस आदरच आहे. मुलांचे इंग्रजी धीट झाले असेल तर ते चांगलेच झाले. परंतु त्या बोलण्याची दिशा आरंभापासून एकच ठरलेली होती. देणारे इंग्रजी देणार, घेणारे इंग्रजी घेणार. 'बाळा, तुझ्या भाषेत याला काय म्हणतात, मलाही शिकव,' असे म्हणून पलीकडची आजी रोज अर्धा तास फलटणच्या पोराची शिष्या झाली असती, तर त्या पोराला इंग्रजीबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली असती: आपल्यापाशीही कोणी मागावे असे काही आहे, ही जाणीव.

ही जाणीव गोमंतकात शतकानुशतके मारली गेली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले, की येथील लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षे गेली, तीनशे वर्षेही गेली. फर्मान दप्तरात राहिले आणि भाषा लोकांच्या तोंडी राहिली. त्याच परकीयांपैकी एक, १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, येथील माणसांकडून भाषा शिकला. त्याने लिहिलेले मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि येथील भाषेचे त्याने केलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे आम्ही विसरत नाही. परंतु तो शिष्य म्हणून बसला, एवढी गोष्ट खरी. आणि हुकूम देणाऱ्या व्हाइसरॉयपेक्षा शिष्य होऊन बसणाऱ्या पाद्र्याच्या हातून भाषेचे अधिक काम झाले, हीही खरी.

त्यानंतरचा इतिहास वाचकांच्या घरांतील आहे. आजोबांनी लिसेवमध्ये पोर्तुगीज घोकली, कारण नोकरी तीत होती. १९६१ च्या मुक्तीनंतर नातवंडे इंग्रजी घोकू लागली, कारण नोकरी आता तीत आली. दोन्ही वेळा आम्ही घेणारेच होतो. आमच्याकडून कोणी काही मागितले नाही. घरात कोकणी, पत्रात मराठी, देवळातील कीर्तनात मराठी, बाजारात दोन्ही, असे सहज दुभाषी जीवन जगणारा हा समाज. पण आपले हे धन कोणाच्या उपयोगी पडेल असे त्याला वाटेनासे झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे कोकणी आणि मराठी यांच्यात जे रण माजले, त्यात दोन्ही पक्षांची मुले हळूच इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली, हे आता दोन्ही पक्षांनी मान्य करावयास हरकत नसावी. मुलाला आपल्या भाषेची गोडी अभिमानाच्या व्याख्यानांनी लागत नाही. कोणी परका माणूस ती त्याच्याकडे शिकू लागला, तर लागते.

म्हणून आम्ही काही सूचना करू इच्छितो. मॉरिशस बेटावर कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज राहतात. तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते; फ्रेंच तर त्यांच्या रोजच्या व्यवहारातच आहे. आमच्या हायस्कुलांतून फ्रेंच शिकणारी मुले आहेत आणि त्यांना फ्रेंच बोलणारे माणूस भेटत नाही. दोन्ही देशांच्या घड्याळांत अंतर अवघे दीड तासाचे. अर्धा तास मराठी, अर्धा तास फ्रेंच, यापरती सोयीची देवघेव कोणती? गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकणाऱ्यांना ब्राझील मोकळे आहे. पणजीत सायंकाळचे सात वाजतात तेव्हा आसिस येथे सकाळचे साडेदहा झालेले असतात.

परंतु सर्वांत निकडीची देवघेव सर्वांत जवळची आहे. म्हादईच्या पाण्याचा तंटा लवादाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बेळगावचा प्रश्न १९५६ पासून जळत आहे. वास्कोच्या वस्त्यांत कष्टकरी कन्नडिगांची मुले आमच्या मुलांच्या शेजारी वाढतात. इतके सारे असून सत्तरीच्या मुलाला कन्नडमधून पाणी मागता येत नाही आणि धारवाडच्या मुलाने मराठी वा कोकणी ऐकली ती बहुधा भांडणाच्या बातमीतच. एका प्रदेशात दुसऱ्याची भाषा सक्तीची करावी की नाही यावर आम्ही मोर्चे काढतो. सक्ती नको, हे आमचे मत आजही कायम आहे. पण सक्ती नको म्हणताना शेजाऱ्याची भाषाच नको, असा अर्थ होऊ लागला तर आम्ही त्या व्हाइसरॉयच्या पंक्तीला जाऊन बसलो असे होईल. डिचोलीचा एक वर्ग आणि धारवाडचा एक वर्ग यांनी आठवड्यातून एक तास जोडीने बोलावे. अर्धा कन्नडमध्ये, अर्धा आमच्या भाषेत. आपले हक्क, आपले पाणी, आपली सीमा यांपैकी काही न सोडताही हे करता येते. फ्रेंच आणि जर्मन यांनी तीन युद्धांनंतर केले. आमच्यात तर युद्ध झालेले नाही.

अडचणी आहेत. डोंगरकपारीच्या गावांत फोनची लहर अजूनही झाडावर चढून शोधावी लागते. शिक्षकांवर आधीच नाना कामांचा भार आहे. हा तास त्यांच्या डोक्यावर न मारता वेळापत्रकात द्यावा लागेल. मुलांची परक्यांशी गाठ घालताना ती शाळेत, शिक्षकाच्या डोळ्यांदेखतच घातली पाहिजे, यात दुमत नसावे. परीक्षेत याचे गुण किती, असेही पालक विचारतील. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांपैकी एकही अशी नाही की जिच्यापुढे शिक्षण खात्याने हात टेकावेत. प्रत्येक तालुक्यातील एका शाळेने एका वर्षासाठी हा प्रयोग करून पाहावा. खर्च एखाद्या उद्घाटन समारंभाहून अधिक येणार नाही.

आणि त्या सोप्यावरच्या आजीचे काय? तिला खात्याच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या रविवारी तिने नातवाला सांगावे, की अर्धा वेळ तू माझा मास्तर हो आणि मला तुझे इंग्रजी शिकव. उरलेला अर्धा वेळ मी तुझी मास्तरीण. साठ वर्षांनी लहान असलेल्या पोराकडून धडा घेताना ती चुकेल, तो हसेल, आणि मग त्याची पाळी येईल तेव्हा तीही हसेल. आज जो 'आम्ही इथले' आणि 'तुम्ही तिथले' असा बोलण्याचा पाट पडला आहे, त्यावर 'आपण' हा शब्द पुन्हा यावयाचा असेल, तर तो असाच येईल. आपण सर्वांनी तो तास काढावा.